नरक पाहिलेले दोन सत्यवादी

महाभारतात जन्मभर खरं बोलणाऱ्या दोन माणसांच्या वाट्याला नरक येतो. एकाच्या वाट्याला खरं बोलल्याबद्दल, दुसऱ्याच्या वाट्याला खोटं बोलल्याबद्दल.

पहिला कौशिक. त्याची गोष्ट कर्णपर्वात येते, आणि तीही मोठ्या पेचाच्या वेळी. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत परतलेला असतो. अर्जुन विचारपूस करायला येतो. कर्ण अजून जिवंत आहे हे कळताच युधिष्ठिराचा तोल सुटतो आणि तो म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. असं म्हणणाऱ्याचा जीव घेईन, ही अर्जुनाची जुनी प्रतिज्ञा. तो तलवार उपसतो. शब्द पाळायचा तर थोरल्या भावाची मान उडवावी लागणार. त्या क्षणी कृष्ण त्याला थांबवतो आणि कौशिकाची हकीकत सांगतो. नद्यांच्या संगमाजवळ राहणारा हा तपस्वी सदैव खरं बोलायचं व्रत घेऊन बसलेला. एक दिवस दरोडेखोरांच्या भयाने काही माणसं त्याच्यासमोरून रानात शिरली. मागोमाग दरोडेखोर आले आणि त्यांनी विचारलं, लोक कुठे गेले? कौशिकाने रान दाखवलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला.

दुसरा खुद्द युधिष्ठिर. द्रोणाचार्य आवरत नव्हते. मुलगा गेल्याचं कळलं तरच ते शस्त्र खाली ठेवतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि मुलगा मेल्याची हाकाटी केली. द्रोणांचा विश्वास फक्त धर्मराजावर, म्हणून त्यांनी त्यालाच विचारलं. त्याने ‘अश्वत्थामा मेला’ एवढं मोठ्याने सांगितलं आणि हत्तीचा उल्लेख तोंडातल्या तोंडात केला. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालत असे. त्या क्षणी तो जमिनीला टेकला. पुढे स्वर्गारोहणपर्वात त्याला काही काळ नरक पाहावा लागतो, तेव्हा इंद्र कारण सांगतो: तू द्रोणांना कपटाने फसवलंस, म्हणून तुलाही कपटानेच नरक दाखवला.

या दोन गोष्टी आपण बहुतेक वेळा वेगवेगळ्या वाचतो. त्या शेजारी ठेवल्या की महाभारताने किती अवघड गोष्ट सांगितली आहे ते दिसतं. खऱ्याने माणसं मरत असतील तर खरं बोलणारा दोषी आहे. आणि खोटं बोलणं भाग पडलं, तरी बोलणारा दोषातून पूर्ण सुटत नाही. ही दोन्ही विधानं एकदम खरी आहेत, असं माझं ठाम मत आहे. हे प्रकरण त्याच मताची छाननी आहे.

कांटचा नकार

कौशिकाचाच पेच हजारो मैलांवर, प्रशियातल्या केनिग्जबर्ग शहरात पुन्हा उभा राहिला. १७९७ सालची गोष्ट. फ्रेंच राज्यक्रांतीची उलथापालथ पाहिलेल्या बेंजामिन कॉन्स्टंट या तरुण लेखकाने एका जर्मन तत्त्ववेत्त्यावर टीका केली. मित्राच्या मागावर असलेला खुनी दारात येऊन ‘तो आत आहे का?’ असं विचारतो, तेव्हाही खोटं बोलणं गुन्हा आहे, असं हा तत्त्ववेत्ता म्हणतो. असा नियम शब्दशः पाळला तर समाज टिकणारच नाही, हे कॉन्स्टंटचं म्हणणं. सत्य ज्याचा हक्क आहे त्यालाच ते देणं लागतो, आणि दुसऱ्याच्या जिवावर उठलेल्याला तो हक्क नाही.

त्र्याहत्तर वर्षांच्या इमॅन्युएल कांटने हे आव्हान अंगावर घेतलं. त्याने एक छोटा निबंध लिहिला आणि आपलं म्हणणं जराही सौम्य केलं नाही. त्याचा युक्तिवाद असा. समजा, तुम्ही खुन्याला सांगितलं की मित्र घरात नाही. तुमच्या नकळत मित्र तेवढ्यात मागच्या दाराने बाहेर पडलेला आहे. तुमच्यावर विश्वास ठेवून खुनी माघारी फिरतो आणि रस्त्यात मित्राला गाठतो. आता या मृत्यूत तुमच्या खोट्याचा वाटा आहे. उलट खरं सांगितलं असतं, तर खुनी घर धुंडाळत असताना शेजारीपाजारी धावून आले असते आणि तो पकडला गेला असता. खऱ्याचे परिणाम दैवाच्या हाती असतात. खोट्याचे परिणाम मात्र बोलणाऱ्याच्या खात्यावर जमा होतात. शिवाय करार, वचन, साक्ष हे सगळं शब्दावरच्या विश्वासावर उभं आहे. म्हणून खोटं बोलणारा समोरच्या एकालाच नाही, तर साऱ्या माणुसकीला तोशीस लावतो.

कांटला हट्टी म्हातारा म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. पण त्याने दाखवलेला धोका खरा आहे. खोटं बोलताना माणूस पुढचं सगळं आपल्याला दिसतंय असं धरून चालतो, आणि ते त्याला कधीच दिसत नसतं. इथवर कांट बरोबर आहे. पण दारात खुनी उभा असताना खरं सांगणाऱ्यालाही पुढचं दिसतच असतं. कौशिकाला दरोडेखोर काय करणार हे ठाऊक होतं. माहीत असून केलेल्या कृतीचा परिणाम दैवावर टाकता येत नाही, मग ती कृती खरं बोलण्याची का असेना.

गप्प राहण्याची वाट

खरं आणि खोटं यांच्यामध्ये एक तिसरी वाट आहे. संत ऑगस्टिनने चौथ्या शतकाच्या अखेरीस खोट्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने खोट्याचे आठ प्रकार मांडले आणि आठही निषिद्ध ठरवले. पण त्याच ग्रंथात त्याने आपल्या जन्मगावची, उत्तर आफ्रिकेतल्या थगास्तेची, एक हकीकत दिली आहे. तिथला फर्मस नावाचा बिशप. त्याने आसऱ्याला आलेल्या एका माणसाला लपवलं होतं. सम्राटाचे शिपाई आले. फर्मस म्हणाला, मी खोटंही बोलणार नाही आणि त्याला पकडूनही देणार नाही. त्याचे अतोनात हाल करण्यात आले, पण तो बधला नाही. अखेर प्रकरण सम्राटापुढे गेलं आणि त्याचा खंबीरपणा पाहून सम्राटाने त्या माणसाला माफी दिली.

या वाटेचा मान आपली राज्यघटनाही राखते. कलम २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. शपथेवर खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. याचा अर्थ इतकाच की मौनाचा हक्क आहे, खोट्याचा नाही.

अडचण अशी की कित्येकदा मौन हेच उत्तर होऊन बसतं. रात्री दार ठोठावून ‘आत कोणी आहे का?’ असं विचारलं आणि घरचा माणूस घुटमळला, तर झडती घेणाऱ्याला आणखी काही ऐकायची गरज उरत नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या ल शाँबों-सुर-लिन्यों या डोंगरी गावाने आणि आसपासच्या वस्त्यांनी हजारो निर्वासितांना, त्यांतही मोठ्या संख्येने ज्यूंना, आसरा दिला. तिथे केवळ मौनावर भागलं नाही. खोटी ओळखपत्रं आणि खोटी रेशनकार्डं तयार करावी लागली. गावचा पाद्री आंद्रे त्रोकमे हा पक्का अहिंसावादी आणि सत्याचा आग्रही. अधिकाऱ्यांनी ज्यूंची यादी मागितली तेव्हा त्याने ती द्यायला साफ नकार दिला. पुढे स्वतः भूमिगत असताना त्याच्या खिशातही बेगे या नावाचं खोटं ओळखपत्र होतं. ल्यों स्टेशनवर जर्मनांच्या धरपकडीत सापडला, तेव्हा त्याने मनाशी ठरवलं: हेच तुझं नाव का, असं सरळ विचारलं, तर मी खोटं सांगणार नाही. तो प्रश्न येण्याआधीच तो निसटला. दुसऱ्यांसाठी गावाने उभं केलेलं खोटं त्याने चालू दिलं, स्वतःच्या जिवासाठी मात्र तोंडाने खोटं बोलायची त्याची तयारी नव्हती. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. खोट्याचा लाभ कुणाला मिळतो, यावर त्याचं वजन ठरतं.

मंडालेत आणि आग्र्यात

हाच प्रश्न मराठीत सर्वांत बारकाईने हाताळला तो लोकमान्य टिळकांनी. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेलं आणि १९१५ साली छापून आलेलं ‘गीतारहस्य’ उघडलं, की दुसरंच प्रकरण ‘कर्मजिज्ञासा’. अहिंसा, सत्य, अस्तेय हे नियम सगळ्यांना मान्य असताना माणूस पेचात का सापडतो, याची ती चर्चा आहे. मारेकऱ्यांच्या भीतीने दडून बसलेल्या माणसांचा दाखला तिथेही येतो. युधिष्ठिराच्या खोट्याकडे बोट दाखवून हिंदू नीतीला नावं ठेवणाऱ्यांना टिळक पाश्चात्त्यांचेच ग्रंथ उघडून दाखवतात: सिजविक आणि लेस्ली स्टीफन हे इंग्रज नीतिशास्त्रज्ञसुद्धा काही प्रसंगी खोट्याला मुभा देतात. आपली शास्त्रं उलट जास्त कडक आहेत, हा टिळकांचा मुद्दा. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की साक्षीदाराच्या खऱ्या बोलण्याने कुणाला देहान्त होणार असेल, तिथे त्याने खोटं सांगावं. पण त्या पापाच्या शुद्धीसाठी सरस्वतीला चरूची आहुतीही द्यावी. खोटं बोलायला सांगितलं आणि प्रायश्चित्तही सांगितलं.

प्रायश्चित्ताची ही अट मला फार मोलाची वाटते. अपवाद म्हणजे सूट नव्हे, एवढं तिच्यातून स्पष्ट होतं. वाणीने चूक केली, वाणीच्या देवतेला तिचा जबाब द्यायचा. आज कुणी चरू शिजवणार नाही. पण ज्याला खोटं सांगितलं त्याच्याशी किंवा त्या खोट्याची झळ ज्यांना लागली त्यांच्याशी हिशेब चुकता करायचा, ही जबाबदारी तशीच राहते.

हा हिशेब म्हणजे काय, ते १६६६ साली आग्र्यात दिसतं. शिवाजी महाराजांचं आजारपणाचं सोंग, मिठाईचे पेटारे, पलंगावर पांघरूण घेऊन पडलेला हिरोजी फर्जंद हे सगळं प्रत्येक मराठी मुलाला तोंडपाठ असतं. त्या सोंगाबद्दल महाराजांना कुणी दोष देत नाही, आणि तो देण्याचं कारणही नाही. मिर्झाराजे जयसिंगांच्या शब्दावर आलेल्या पाहुण्याला नजरकैदेत टाकून औरंगजेबानेच आधी विश्वास मोडला होता.

पण या प्रसंगाची एक बाजू कमी सांगितली जाते. महाराजांसाठी जयसिंगांचा मुलगा रामसिंग जामीन राहिला होता. कैदी पळाला तर झळ त्याला लागणार होती. त्या काळी आग्र्याहून लिहिलेली राजस्थानी पत्रं जदुनाथ सरकारांनी उजेडात आणली. त्यांत दिसतं की जामीन मागे घे, बादशहाला माझं काय करायचं ते करू दे, असं महाराजांनी रामसिंगाला विनवलं होतं. बादशहाला फसवायचं होतं, पण आपल्या शब्दावर विसंबलेल्या माणसाला त्या फसवणुकीत भरडायचं नव्हतं. तरीही झळ चुकली नाही. सुटकेनंतर रामसिंगाची मनसब गेली, दरबार बंद झाला. मागे राहिलेले रघुनाथ बल्लाळ कोरडे आणि त्र्यंबक सोनदेव डबीर पकडले जाऊन त्यांचे हाल झाले. न्याय्य फसवणुकीचीही किंमत असते, आणि बहुतेक वेळा ती फसवणाऱ्याला आणि फसलेल्याला सोडून तिसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.

अपवादांची यादी कोण करतं?

आदिपर्वात शर्मिष्ठा ययातीला पाच प्रसंग सांगते, जिथे खोटं बोलल्याचं पाप लागत नाही: थट्टेत, स्त्रियांशी, लग्नाच्या वेळी, प्राणावर बेतलं असता, आणि सर्वस्व लुबाडलं जात असता. या यादीत प्राणसंकटाच्या पंक्तीला लग्न येऊन बसलं आहे. तिचं आजचं रूप आपण ऐकतोच: शंभर खोटं बोलावं पण एक लग्न जुळवावं.

ज्या मुलीला नवऱ्याचा आजार, व्यसन किंवा आधीचा संसार लग्नानंतर कळतो, तिच्या बाजूने हा अपवाद वाचून पाहावा. यादी तिने केलेली नव्हती. हिंदू विवाह कायद्याचं कलम १२ हे ओळखतं: महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून फसवणुकीने संमती मिळवली असेल, तर तो विवाह रद्द ठरवून मागता येतो. खोट्याला सूट देणाऱ्या कुठल्याही यादीला एक प्रश्न विचारायला हवा: ही सूट ज्याच्या माथी मारली जाते, त्याचं मत कुणी विचारलं होतं का?

तत्त्वज्ञ सिसेला बोक यांनी १९७८ साली ‘लाइंग’ या ग्रंथात हाच प्रश्न कसोटी म्हणून मांडला. आपल्या खोट्याचं समर्थन चारचौघांत करता येईल का, आणि त्या चारचौघांत ज्याला फसवलं तोही बसलेला असेल का? बंद खोलीत, समविचारी माणसांत जवळजवळ प्रत्येक खोटं समर्थनीय वाटतं. फसलेला माणूस बैठकीत येऊन बसला की बहुतेक समर्थनं गळून पडतात.

औषध म्हणून दिलेलं खोटं

प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये खोट्याची तुलना औषधाशी केली. औषध वैद्याने द्यावं तसं खोटं राज्यकर्त्यांनीच वापरावं, प्रजेच्या भल्यासाठी, असं त्याचं म्हणणं. या एका तुलनेत डॉक्टर आणि सरकार दोघांनाही परवाना मिळाला, आणि दोघांनी तो भरपूर वापरला.

आधी डॉक्टर. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात मृत्यूची लक्षणं दिसत असली तरी वैद्याने न विचारता ती सांगू नयेत, आणि रोग्याला वा त्याच्या माणसांना धक्का बसेल तिथे विचारल्यावरही सांगू नयेत, असा सल्ला आहे. अमेरिकेत १९६१ साली शिकागोतल्या २१९ डॉक्टरांना विचारलं, तेव्हा जवळपास ९० टक्क्यांनी कर्करोगाचं निदान रोग्याला न सांगणं पसंत केलं. १९७९ मध्ये अशीच पाहणी झाली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत मत असं फिरलं. त्यामागे उपचार सुधारले हे होतं, आणि आपल्या देहाबद्दल जाणून घेणं हा रोग्याचा हक्क आहे ही जाणीवही होती.

आपल्याकडे हा प्रश्न रोज तपासणीच्या खोलीबाहेर उभा असतो. रिपोर्टची फाइल काखेत धरून मुलगा डॉक्टरांना आधी एकटाच गाठतो. ‘डॉक्टर, आईला काही बोलू नका हं. खचून जाईल ती. अल्सर आहे म्हणून सांगितलंय.’ यामागचं प्रेम खोटं नसतं. पण पुढे काय होतं? ‘टाटाला दाखवून घ्या’ असं म्हटल्यावर परळचं ते हॉस्पिटल कशाचं, हे अल्सर सांगितलेल्या आईलाही ठाऊक असतं. केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर उशीवर केस दिसतात. आईला कळलेलं असतं, मुलाला ती कळू देत नाही. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६५ साली रुग्णालयांतल्या निरीक्षणातून नेमका हाच प्रकार नोंदवला: दोन्ही बाजूंना ठाऊक आहे आणि दोन्ही बाजू नाटक करताहेत. या नाटकात जातात ते शेवटचे महिने. भावाशी अबोला सोडायचा राहतो. बँकेच्या ठेवीवर कुणाचं नाव घालायचं, गावचं घर कुणी बघायचं, आणखी एक केमो घ्यायची की घरी राहायचं, हे सगळे तिचे निर्णय तिच्या वतीने दुसरेच घेतात.

आई म्हणजे दारातला खुनी नव्हे. हे सत्य तिच्याच देहाचं आहे आणि त्यावर पहिला हक्क तिचा. इथे प्रामाणिक वाट उपलब्ध आहे, आणि अनुभवी डॉक्टर ती रोज वापरतात. ते आधी विचारतात, ‘मावशी, आजाराबद्दल तुम्हाला सगळं जाणून घ्यायचंय, की मी मुलाशी बोलू?’ काही जणी म्हणतात, त्यालाच सांगा. तो त्यांचा निर्णय असतो, आणि त्याचा मान राखण्यात खोटं काहीच नाही.

आता सरकार. ४ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामने अमेरिकी युद्धनौकांवर दुसऱ्यांदा हल्ला केला, असं अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच रात्री देशाला सांगितलं. त्या हल्ल्याबद्दल प्रत्यक्ष नौकेवरच्या कमांडरनेच त्याच दिवशी शंका कळवली होती. ती लोकांपासून दडवून ठेवली गेली. तीनच दिवसांत अमेरिकी काँग्रेसने अध्यक्षांना युद्धाचे अधिकार दिले. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. तो हल्ला झालाच नव्हता, हे आज अमेरिकेचे अधिकृत इतिहासकारही मान्य करतात. त्या युद्धात अमेरिकेचे ५८ हजारांवर सैनिक गेले, आणि व्हिएतनामी माणसं कितीतरी लाख. मतदार म्हणजे वेडसर रोगी, असं धरून चालणाऱ्या प्रत्येक सरकारचा रस्ता इकडे जातो.

मग केव्हा?

‘सगळेच खोटं बोलतात’ ही सबब आधी बाजूला काढू. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १,००० अमेरिकनांना गेल्या चोवीस तासांतली आपली खोटी बोलणी मोजायला सांगितली. सुमारे ६० टक्के म्हणाले, एकही नाही; आणि एकूण खोट्यांपैकी जवळपास निम्मी अवघ्या पाच टक्के लोकांच्या तोंडची निघाली. बहुतेक माणसं बहुतेक वेळा खरं बोलतात, म्हणूनच खोटं खपतं. ‘भाजी छान झालीये’ सारख्या बारीक खोट्यांवर फार शाई घालवायला नको. तिथे मीठ कमी असलं तरी फोडणीचं खरं कौतुक करता येतं.

मोठ्या प्रसंगी मी पुढचे प्रश्न या क्रमाने विचारतो. गप्प राहून किंवा नकार देऊन भागेल का? भागत असेल, तर खोट्याचा विचारच नको. समोरचा हे सत्य कशासाठी मागतो आहे? आपलं आयुष्य चालवायला मागत असेल तर ते त्याचं आहे; निरपराध्याचा जीव घ्यायला मागत असेल तर त्याने तो हक्क गमावला आहे. खोट्याने वाचतं ते कोण, मी की दुसरा? झळ कुणाला लागेल, आणि त्याला मी आधी सावध केलं आहे का? आणि शेवटी, ज्याला फसवलं त्याच्यासमोर बसून मी हे कधीतरी कबूल करू शकेन का? बहुतेक खोटी पहिल्या दोन प्रश्नांतच बाद होतात. जी उरतात ती बोलणं कर्तव्य ठरतं, आणि तिथे खरं बोलून आपलं व्रत सांभाळणारा कौशिकाच्या रांगेत जातो.

कर्तव्य म्हणून खोटं बोलल्यावरही काम संपत नाही. ज्यांना झळ लागली त्यांचं नुकसान शक्य तेवढं भरून काढायचं. धोका टळला की खरं काय ते सांगायचं. आणि नरो वा कुंजरो वा करून ‘मी तांत्रिकदृष्ट्या खोटं बोललोच नाही’ अशी मखलाशी करायची नाही. युधिष्ठिराचा रथ उतरला तो याच मखलाशीने, असं मला वाटतं. हत्ती पुटपुटून त्याने द्रोणांना फसवलं आणि स्वतःलाही फसवायचा यत्न केला. गरज पडली तर खोटं बोलावं, पण ते खोटं आहे हे निदान स्वतःशी स्पष्ट कबूल करून, आणि त्याची भरपाई आपल्याकडे लागते हे ध्यानात ठेवून. ज्याची ती भरपाई करायची तयारी नाही, त्याने खोट्याचा अपवाद मागू नये.